खात्रीचा फोन

लोक शंभर नंबर कशाकशासाठी फिरवतात हे सांगत बसलो तर दिवस मावळेल. लाइट कधी येणार, आर्वीची शेवटची एसटी गेली का, शेजाऱ्याची म्हैस आमच्या न्हाणीत शिरली, आणि शाळा सुटली की पोरांचे शिट्ट्यांचे फोन. फुकटचा नंबर, फिरवा! रोहणखेडच्या ठाण्यात, जिन्याखालच्या खोलीत बसून मी वर्षानुवर्षं हेच ऐकत होतो. जीप चालवून माझी कंबर गेली तेव्हा साहेब म्हणाले, "मेजर, आता तुम्ही बसून काम करा." हवालदाराला ठाण्यात मेजर म्हणतात, मान काय तो तेवढाच. बसून काम म्हणजे एक शंभर नंबरचा फोन, एक साधा फोन, एक वायरलेस सेट आणि एक कूलर. कूलरमध्ये पाणी मीच भरायचं.

खोट्या फोनांना कंटाळून साहेबांनी एक नियम काढला होता. कोणी कुठून फोन केला ते दाखवणारी नंबरची डबी तेव्हा नवीनच आली होती. तर फोन आला की डबीतला नंबर फिरवून आधी खात्री करायची आणि मगच गाडी सोडायची, कारण ठाण्याला गाडी एकच. खरं सांगायचं तर नियम मलाही बरा वाटला होता. कोणाच्या तरी टवाळीपायी भर उन्हात चाळीस किलोमीटर हिंडून आल्यावर आमचा ड्रायव्हर महादेव माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती मला सोसवत नसे.

दोन हजार तीनचा मे महिना होता. दुपारी हापशीवरून बादली भरून आलो, तर दिपाली म्हणाली, "मेजर, एक फोन आलता. पण खोटा निघाला."

दिपाली भरतीतली नवी पोरगी. कामाला चोख, सांगितलेलं तंतोतंत करणारी.

"कोणाचा होता?"

"एक बाई बोलली. वाघडोहवरून, किराणावाल्या वासुदेवरावच्या घरून. नवरा मारून राह्यला म्हणे, आता मागं गेला, तो यायच्या आत सांगते, लवकर या. अन् ठेवून देला."

"मंग?"

"मंग मी खात्री केली. सासऱ्यानं उचलला. पोरगं फोनशी खेळून राह्यलं होतं म्हणे. माफी बी मागितली बिचाऱ्यानं."

"तू त्याले काय म्हटलं?"

"हेच, का तुमच्या घरून एका बाईचा फोन आलता..."

तिचं वाक्य तिथंच अडलं. मी विचारलं, "आवाज बाईचा होता न? मंग पोरगं कुठून आलं?" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मला संताप आला. तिच्यावर आला, साहेबांवर आला, त्या डबीवरही आला. ज्या घरात बाई चोरून फोन करते, त्याच घरात फोन करून आम्ही विचारतो की तुमच्या घरातून कोणी फोन केला काय हो? पण संताप करायलाही वेळ नव्हता. महादेव आंब्याच्या सावलीत डबा खात बसला होता. "वाघडोह, वासुदेवराव किराणावाला. बाईले मारून राह्यले," एवढंच मी ओरडलो. त्यानं डबा तसाच टाकला आणि दोन शिपायांना घेऊन गाडी काढली. रस्ता म्हणजे नुसती गिट्टी, कितीही हाकली तरी अर्धा तास.

मी साधा फोन पुढे ओढला आणि डबीतला नंबर फिरवायला लागलो. दिपालीनं माझा हातच धरला.

"मेजर, आता नका करू फोन!"

"आता करावाच लागते. जे समजायचं ते त्यांले समजलं. आता त्या बापलेकांले फोनपाशी बसवून ठेवाचं."

पलीकडून वासुदेवरावांचा गोड दुकानदारी आवाज आला. "साहेब, मी सांगितलं न मघाशी त्या म्याडमले."

"सांगितलं, पण कागद कोण भरन? खोट्या फोनचा जबाब घ्याव लागते. घरात कोण कोण आहे?"

"मी, माही बायको, पोरगा गजेंद्र अन् सून."

"अन् फोनशी खेळलं ते पोरगं?"

"ते... शेजारचं हाये."

मागे कुठेतरी भांडं आपटलं आणि बाईचा आवाज निघता निघता दाबला गेला. दिपाली रिसीव्हरला कान लावून उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

"गजेंद्रले बोलवा फोनवर," मी म्हणालो.

"तो मागं कामात हाये."

"दोन मिनिटाचं काम आहे. नाई तर दुकान बंद ठेवून दोघांले उद्या ठाण्यात याव लागन. दिवस जाईन."

दुकान बंद म्हटल्यावर वासुदेवरावांनी लगेच हाक मारली. गजेंद्र आला. तो धापा टाकत होता, आणि किराणा मोजून माणसाला एवढी धाप लागत नाही.

मग मी सुरू केलं. पूर्ण नाव, वडिलांचं, आजोबांचं, वय, शिक्षण, कोणत्या शाळेत, शाळा कधी सोडली, का सोडली. अंगावर ओळखीची खूण कोणती, ती कोणत्या हातावर, कशानं झाली. जबाब घेताना आम्ही असं खोदून खोदून विचारतो म्हणून लोक आमच्या नावानं बोटं मोडतात. त्या दिवशी पहिल्यांदा या रटाळपणाचा उपयोग होत होता. समोर कागद नव्हताच. मी मुद्दाम हळू बोलत होतो, "थांबा, पेन चालत नाई," म्हणत होतो, तेच परत विचारत होतो.

"तुमाले कामधंदा हाये का नाई?" गजेंद्र खेकसला.

"हाच धंदा आहे, भाऊ. शेती किती? कोरडवाहू का ओलिताची?"

तो रिसीव्हर बापाच्या हातात कोंबून आत निघाला. मी वासुदेवरावांवर ओरडलो, "तो गेला तर मले पहिल्यापासून सुरू कराव लागन हो!"

"गजू!" म्हातारा रडकुंडीला आला होता. "ये रे बाबा, हे एकदाचं निपटव!"

गजू परत आला. माझा घसा सुकला होता आणि कंबरेत कळा येत होत्या. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी मी त्याला लाइटचं बिल आणायला लावलं आणि त्यावरचा एकेक आकडा वाचून घेतला. तो शिव्या घालत वाचत होता. मनात मी महादेवला हाका मारत होतो, अबे ये ना लवकर!

आणि हॉर्न ऐकू आला, फोनमधून. आमच्या जीपचा तो बसका हॉर्न मी झोपेतही ओळखेन. रिसीव्हर कशावर तरी आदळला. महादेवचा आवाज आला, "बाई कुठं हाये?" मग धावपळ, दाराची कडी, वासुदेवरावांचं "साहेब, घरचा मामला हाये", आणि कोणाला तरी बसलेली थप्पड. ती कोणी कोणाला मारली हे मी आजवर विचारलेलं नाही.

जरा वेळानं कोणीतरी रिसीव्हर उचलला.

"प्रमिला बोलून राह्यली," बाई म्हणाली. "तुमी त्याच ठाण्यातले का, जिथं मी फोन केलता?"

"हो बाई. ठाण्यातून बोलतो. आता भिऊ नका."

"मंग घरी उलटा फोन काऊन केला?" तिच्या आवाजात राग नव्हता. रागाला लागते तेवढी ताकद तिच्यात उरली नसावी. "तुमच्या फोनच्या आधी तो हातानंच मारत होता."

चूक झाली म्हणावं, नियम होता म्हणावं, काय म्हणावं? तेवढ्यात दिपालीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मी केलता, ताई. तो फोन मी केलता."

आता शिव्या येतील असं मला वाटलं, आणि आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण प्रमिलानं हळूच विचारलं,

"मी आता गाडीत बसू का?"

"बसा, ताई," दिपाली म्हणाली. "बसा."

तिला रिसीव्हर ठेवायचंही सुचेना. मी तो काढून घेऊन जागेवर ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, तिला रडू दिलं. बादली दारातच राहिली होती. ती उचलून कूलरमध्ये पाणी ओतत होतो तेवढ्यात शंभर नंबर वाजला. दिपाली डोळे पुसत उठली, पण तिला खाली बसवलं आणि तो मीच उचलला.