डाळिंबचोराची कैफियत

मी एक जुना, चोरटा वानर आहे, मित्रांनो. पण खऱ्या झाडावर मी कधी चढलेलो नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहतो. त्यात बुटक्यांचे गाव वसवायचे, शेती करायची, कोठार भरायचे; आणि भरलेले कोठार लुटायला रानातून यायचे ते आम्ही. मला घडवणाऱ्यांनी उचलणे आणि पळणे एवढेच शिकवले.

आमचे गाव मारुंजीतल्या एका भाड्याच्या खोलीत होते. समाधान आणि मिनल या नवराबायकोने ते मिळून वसवले होते. माणसे लातूरकडची. दोघेही चाकणला कामाला, पण कंपन्या वेगळ्या, शिफ्ट वेगळ्या. त्याची सुट्टी रविवारी, तिची गुरुवारी. बोलायला वेळच नसे, म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. खेळ चालूच असायचा. कामाला निघताना कोठाराच्या ओट्यावर एक सोनेरी डाळिंब ठेवायचे. घरी आलेल्याने ते पाहायचे, आणि आपली आठवण निघाली होती हे समजायचे.

मला हे काय ठाऊक! मी डाळिंब उचलले आणि धूम ठोकली. मग चटकच लागली. माकडाच्या हाती कोलीत नव्हते, तरी आग लागायची ती लागलीच.

ओटा रिकामा पाहून समाधानचे तोंड उतरले. मिनलने डबा जरा जोरातच आपटला. फोन दोघांकडेही होते. पण रुसलेल्या माणसाला फोन करायचा म्हणजे हात जड होतो. हळूहळू दोघांनीही डाळिंब ठेवणे सोडले. समाधान एकटाच जेवायचा, अर्धी भाकरी टाकून उठायचा. ते पाहून मला भारी वाईट वाटे. डाळिंबे परत नेऊन ठेवावी म्हटले, तर ठेवणे मला येतच नव्हते.

एकदा त्याच्या कंपनीत लाइन बंद पडली आणि तो लवकर घरी आला. मिनल पोळ्या लाटत होती.

"डाळिंब ठेवायचं का सोडलंस गं?" त्याने बूट काढता काढता विचारले.

"मी? मी तर रोज ठेवत होते! तुमीच बंद केलंत की."

"आईशप्पथ, मीबी ठेवत होतो!"

दोघांनी खेळातले रान धुंडाळले. चोरलेल्या डाळिंबांच्या ढिगावर बसलेला मी सापडलो.

"हाण त्याला!" समाधान हसत ओरडला.

"राहू द्या. त्याला तरी कोण हाय तिथं?" मिनल म्हणाली.

मग ती दोघे माझ्याकडे पाठ करून एका ताटात जेवायला बसली. त्यांचे बोलणे काही संपेना.

आता त्यांची शिफ्ट एकच आहे. संगणकावर मिनलने जुनी ओढणी टाकली आहे. पलीकडून त्यांचे हसणे ऐकू येते, आणि ते ऐकून बरे वाटते. पण मला करमत नाही, हेही खरे.

मित्रांनो, आठवण आली तर ओट्यावर ठेवून जाऊ नका, तोंडाने सांगा. रुसण्याआधी एकदा विचारा. आणि सगळे गोड झाल्यावर, ज्याच्यावर ओढणी टाकलीत त्याच्याकडेही कधी डोकावा. 'हाण त्याला' म्हणालात तरी चालेल.