सुईचा कौल

ओब्दुलियाचं नाक सगळ्या डोंगरपट्ट्यात मानलं जाई. गावच्या तळघरात आढ्याला मुरत टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या मांड्यांमधून ती ओळीने फिरायची, घोड्याच्या हाडाची बारीक सुई एकेका मांडीत तीन ठिकाणी खुपसायची, लगेच नाकाशी धरायची आणि एकच शब्द बोलायची. "झाली," नाहीतर "थांबा." क्वचित कधी "फेका." मग तळघराचा मालकही वर तोंड करून बोलत नसे.

काही मांड्यांपाशी मात्र ती उगाच जास्त रेंगाळे. त्या तिच्या नवऱ्याच्या, बासिलिओच्या डुकरांच्या असत. अंगावर केस नसलेली, काळी कुळकुळीत जात. हाडापेरानं इतकी नाजूक की घोटा मुठीत मावावा. वाढायला मंद आणि वेताला पिल्लं पाच, फार तर सहा.

"तुझ्या डुकरिणी म्हणजे मठातल्या जोगिणी रे," शेजारचा सिरियाको चिडवायचा. "डोक्यावर केस नाही आणि पोरांची हौस नाही!"

"तुझ्याकडे वेताला दहा होतात, पण धड एक नाही," बासिलिओ म्हणायचा. "घरात काय आणि गोठ्यात काय."

सिरियाकोला आठ मुलं होती. तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

पण थट्टा वेगळी आणि मांडी वेगळी. हिवाळाभर ओकची फळं खाऊन ही डुकरं चरबी मांसाच्या धाग्याधाग्यात मुरवून घेत. उन्हाळ्यात तळघरात ती पाझरे. बोट टेकवलं की वितळे. सुईचा वास ओब्दुलियाच्या बोटांना घरी पोचेपर्यंत येत राही. दुसऱ्या जातीची डुकरं याच रानात, याच फळांवर पोसली तरी तो उतरत नसे. पंचवीस वर्षं तिने ते नाकाने तपासलं होतं.

मग साथ आली. ऐन ऑक्टोबरात, फळं गळायला लागली तेव्हा. सिरियाकोची दोन डुकरं सकाळी मरून पडली आणि चौथ्या दिवशी हुकूम निघाला, खोऱ्यातलं एकही डुक्कर जिवंत ठेवायचं नाही. बासिलिओची एकेचाळीस होती. त्यातलं एकही आजारी नव्हतं.

शिपाई बंदुका घेऊन आले, पण डुकरं रानभर पांगलेली. बरोबरचा गुरांचा डॉक्टर तरुण होता. तो टोपी हातात धरून बासिलिओपाशी आला. "काका, तुम्हीच हाक मारा. नाहीतर हे रानभर पाठलाग करून मारतील. त्यांचेच हाल होतील."

बासिलिओ दगडी गडग्यापाशी उभा राहिला. त्याने रोजची हाक घातली, लांबलचक, घशातून. झाडाझाडांखालून डुकरं धावत आली. काहींच्या तोंडात अजून फळं होती. शेवटचा बार होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी आला तेव्हा त्याच्या बुटांवर डुकरं पुरलेल्या खड्ड्यातला चुना होता. ओब्दुलिया खाली बसून तो पुसू लागली.

"एका हाकेत आली गं," तो म्हणाला. "एकसुद्धा मागे राहिलं नाही."

त्यानंतर दोन वर्षं खोऱ्यात डुक्कर पाळायला बंदी होती. बासिलिओ ती जात शोधत हिंडला. कुणी काही सांगितलं की निघायचा, कधी बसने, कधी पायी. तिसऱ्या खेपेला पोर्तुगालच्या सीमेपलीकडे एका विधवेकडे एक सापडली. डुकरीण होती, पण वेताचं वय सरलेली.

"मग?" ओब्दुलियाने विचारलं.

"मग काय. दुपारभर बसलो तिच्यापाशी. कानामागे खाजवलं. म्हातारी झालीय बिचारी."

बंदी उठली तेव्हा त्यांचा मुलगा लेआंद्रो विटांच्या कारखान्यातली नोकरी सोडून परत आला. त्याने दुसऱ्या जिल्ह्यातून केसाळ काळ्या डुकरिणी आणल्या आणि त्यांच्यावर सोडायला अमेरिकी जातीचा एक तांबडा नर.

"बाबा, नऊ झाली! नऊच्या नऊ जिवंत!" तो अंगणातून ओरडत आला.

बासिलिओने जाऊन पाहिलं. "पाय बघ त्यांचे. खांब आहेत नुसते."

"तुमची गेली ती गेली, बाबा. मी काय करू? चुन्यातून उकरून काढू?"

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून बासिलिओ त्या डुकरांना चारायला नेऊ लागला, आजारात रात्र रात्र त्यांच्यापाशी बसला. पण हाक कधी मारली नाही. परत बोलवायचं असलं की काठीने पत्र्याचा डबा वाजवायचा.

त्या डुकरांच्या पहिल्या मांड्या तळघरात पिकायला तीन वर्षं लागली. तोवर बासिलिओच्या छातीने दगा दिला होता. उशीला टेकून बसलं तरच त्याला श्वास घेता येई.

मांड्या तपासायच्या दिवशी लेआंद्रो आईबरोबर तळघरात गेला. तिने सुई खुपसली, हुंगली. स्वच्छ, गोड वास. कुठे खोट नाही. "झाली," ती म्हणाली. मालक खूश झाला. घरी येताना पुलावर तिने बोटं नाकाशी नेली. काही नव्हतं.

घरात शिरल्या शिरल्या बासिलिओने विचारलं, "काय म्हणते सुई?"

लेआंद्रो दारात उभा होता. ओब्दुलियाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. तोच वास आहे म्हणावं, तर नवरा जन्मभर उगाच हटून बसला, असं होतं. तो नाही म्हणावं, तर जे गेलं ते कायमचं गेलं. आणि पोराची तीन वर्षंही त्यातच गेली.

सुईबद्दल ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण ते नाही. पुलापर्यंतसुद्धा टिकलं नाही."

बासिलिओच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "म्हणजे मी खुळा नव्हतो," तो म्हणाला. "नव्हतो ना गं?"

"नव्हतास."

तिने मागे पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

बासिलिओ अकरा दिवसांनी गेला. मातीवरून परतलेल्या लोकांसमोर लेआंद्रोने स्वतःच्या डुकरांच्या मांडीचे पातळ काप ठेवले. सिरियाकोने डोळे पुसत दोन काप खाल्ले आणि म्हणाला, "पोरा, झकास जमलीय."

सगळे गेल्यावर लेआंद्रो आईसमोर बसला. "त्या दिवशी माझ्यासमोर सांगायलाच हवं होतं का?"

"त्याने विचारलं होतं रे."

"मीही विचारत होतो, आई. तीन वर्षं."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही, पण उठूनही गेला नाही. जरा वेळाने ताटली तिच्याकडे सरकवली. "खा. सकाळपासून उपाशी आहेस."

तिने एक काप जिभेवर ठेवला. चांगला होता, खरंच चांगला होता. त्याच्यापुढे तो जुना स्वाद आठवावा म्हणून तिने डोळे मिटले. नाकात, घशात, बोटांत, सगळीकडे शोधला. काळी अंगं आठवली, मुठीत मावणारे घोटे आठवले. तो वास काही केल्या आठवेना. तो कसा होता, हे विचारायला आता बासिलिओही नव्हता.

"कसा आहे?" लेआंद्रोने खाली बघतच विचारलं.

"चांगला आहे," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.