गोलाईचा आकडा

आमच्यात पत्रिका बघत नाहीत, सिकल बघतात, म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. म्हणून भूषण मरोद्याहून माझ्या लेकीला, संघमित्राला, बघायला आला तेव्हा पोहे झाल्यावर तिनेच त्याच्या बोटाला सुई टोचली. ती कॉलेजच्या लॅबमध्ये रक्ताच्या फोटोंवर काम करते.

"पोरगी पाहाले आलो का दवाखान्यात?" भूषणची आई कांताबाई म्हणाली. भूषण हसत होता. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलंय, हे त्या पोह्यांनाही कळलं असतं.

संघमित्राचं रक्त अर्धं सिकलवालं आहे, म्हणजे तिला त्रास नाही, पण मुलांत उतरू शकतं. माझं आणि तिच्या बाबांचंही अर्धंच. दोन अर्धे एकत्र आले की काय होतं, ते पियूषने दाखवलं. माझा मुलगा. अकरावीत असताना गेला.

रविवारी दुपारी तिने लॅपटॉप उघडला. भूषणच्या रक्तात औषध घालून, झाकून ठेवून मग काढलेला फोटो. सॉफ्टवेअर एकेक पेशी मोजतं. गोल असली तर भोवती हिरवी रेघ, वाकडी असली तर लाल. लाल खूप होत्या. म्हणजे भूषणही अर्धा.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"किती गोल म्हणजे गोल, हे ठरवते कोण?"

"मीच. इथं आकडा टाकते."

"मंग थोडा कमी कर ना."

"आई."

"थोडासा. वाकडी भेंडी आपण भाजीत घेतोच नं?"

तिने कमी केला. आणखी कमी. लाल रेघा हिरव्या होत गेल्या. मला खरंच हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. कांताबाईच्या साडीचा रंगसुद्धा मी ठरवून टाकला.

मग आकडा तसाच ठेवून तिने दुसरा फोटो उघडला. पेशी कसल्या, नुसते विळे. सगळ्यांना हिरवी रेघ.

"हा कोनाचा?"

"पियूषचा. जुनी स्लाइड दवाखान्यातून मागून आणली होती मी."

गुडघे धरून 'आई, दाब' म्हणणारा माझा मुलगा स्क्रीनवर ठणठणीत होता.

"परत कर," मी म्हटलं. "होता तसाच."

लाल परत आलं.

"कांताबाईले मी सांगू का?"

"नको. भूषणले मीच सांगते."

फोन घेऊन ती मागच्या अंगणात गेली. 'हॅलो' एवढं ऐकू आलं, मग तिने दार ओढून घेतलं. लॅपटॉप बंद कसा करतात ते मला माहीत नाही. तिची ओढणी खुर्चीवर होती, ती स्क्रीनवरच्या पियूषवर पांघरली.