डावऱ्या हाताचा जोड

अठ्ठ्याऐंशी साली तंत्रविद्यालयातल्या वेल्डिंगच्या बाई कॅनव्हासचे बूट चढवून आपल्या जुन्या मुली शोधायला निघाल्या. प्राचार्यांनी बजावलं होतं, "शिकून बाहेर पडलेली एक तरी मुलगी या धंद्यात दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलींच्या जागा बंद."

पहिली बँकेत चिकटली होती. दुसरी शिवणाचे वर्ग घेत होती. उरली डावरी. डावखुरी म्हणून कार्यशाळेत सगळे तिला तेच म्हणत. तिच्या नवऱ्याचं लोखंडी फाटकांचं दुकान होतं. बाईंनी तिथे जाऊन प्राचार्यांची अट सांगितली.

"ती गल्ल्यावर बसते," नवरा म्हणाला. "हे काम बाईमाणसाचं नव्हे, बाई."

"मग मी वीस वर्षं काय माशा मारल्या?"

तो ओशाळून हसला. बाईंनी सवयीनं शेजारच्या फाटकावर बोट फिरवलं. उजव्या हाताचा माणूस डावीकडून जोडत येतो. इथे जोडावरच्या खवल्यांसारख्या वळ्या उलट्या, उजवीकडून डावीकडे गेल्या होत्या. त्यांनी दुसरं फाटक पाहिलं, तिसरं पाहिलं.

"हे कोणी जोडलं?"

"मीच."

"डाव्या हातानं?"

रंगाचा ब्रश त्याच्या उजव्या हातात होता. आतून डावरी फडक्याला हात पुसत आली.

"गिऱ्हाईक बाईच्या हातचं फाटक नेत नाही," तो आवाज उतरवून म्हणाला. "पोट आहे पाठीशी."

"बाई, राहू द्या," डावरी म्हणाली. "सांगितलं तर आमचं दुकान जाईल, नाही सांगितलं तर तुमच्या जागा. कोणाचं तरी जाणारच."

बुटाची नाडी आवळून बाई निघाल्या. कोपऱ्यापर्यंत पोचल्या, तोच नवरा ब्रश घेऊनच मागून धावत आला.

"सांगा तुमच्या साहेबांना. ती जोडते, मी नुसता रंग मारतो." मग जरा थांबून, "पण रंग चांगला मारतो, तेही सांगा."

मुलींच्या जागा राहिल्या. प्राचार्य पुढे बढतीवर गेले. बातमी गावभर झाली आणि दुकानात काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग गिऱ्हाईक आपसूक परतलं, कारण इतरांची फाटकं निखळायची. बँकवालीनं नव्या घराला तिथलंच फाटक बसवलं. शिवणवालीनं धाकट्या बहिणीला वेल्डिंगला घातलं. बाई निवृत्त झाल्या, पण नव्या मुलींना अजून डावरीकडेच धाडतात.

दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचंच आहे. अक्षरं लोखंडाची, रंग झकास. आणि जोडाच्या वळ्या उजवीकडून डावीकडे.