सुई लागल्याशिवाय पुढचं पान नाही

रक्ताची पिशवी फ्रीजमधून निघून ट्रेमध्ये आली होती आणि भिंगरी हात पुढे करायला तयार नव्हती.

भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं. आता सतरा वर्षांची घोडी झालीय, पण चार पायऱ्या चढली तरी तिला दम लागतो. जन्मापासून तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी कुणीतरी दिलेलं रक्त चढवायचं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकते. मागची खेप तिने चुकवली होती आणि ओठ पांढरेफटक पडले होते. ताईला बघितलं की ती जास्तच हट्टाला पेटते, म्हणून ताईला बाहेरच्या बाकावर बसवून मी एकटी आत आले होते.

"अर्ध्या तासात सुरू झालं नाही तर ही पिशवी वाया जाईल," सिस्टर म्हणाल्या. "आणि तिला जुळणारी दुसरी कधी मिळेल, मला सांगता येत नाही."

"मग आत्ताच परत पाठवा," भिंगरी म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

सगळा घोळ त्या पुस्तकाचा होता. काळं कव्हर, त्यावर एक फिकट पोरगा. तो रक्त पितो आणि वर्गातली एक मुलगी त्याच्या प्रेमात पडते. भिंगरीने ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मी शाळेत भूमिती शिकवते, सिद्धतेशिवाय माझ्या गळी काही उतरत नाही. "दोनशे वर्षांचा म्हातारा अकरावीत काय करतोय? दरवर्षी नापास होतो का?" असं मी विचारलं आणि ती इतकी हसली की सिस्टर ओरडल्या, सुई हलेल म्हणून. रक्त चढताना तिचा हात फळीला बांधलेला असतो, तेव्हा मी मोठ्याने वाचायचं आणि सुई निघाली की पुस्तक बंद, हा नियम माझाच. तिला इथे यावंसं वाटावं म्हणून केला आणि अडकले मीच. एकदा सुई काढायला सिस्टर आल्या तर "जरा थांबा हो, तो खिडकीत उभा आहे" असं माझ्याच तोंडून गेलं.

मग त्या पोराने रक्त सोडलं. दुसऱ्याच्या जिवावर जगणार नाही म्हणाला आणि तळघरात उपाशी पडून राहिला. ते प्रकरण ऐकल्यावर भिंगरी घरी जाईपर्यंत गप्प होती, आणि पुढच्या खेपेला आलीच नाही.

"त्याला निदान लाज आहे," आता ती म्हणाली. "मी आजपर्यंत किती जणांचं घेतलंय, मावशी? आणि त्यांना काय दिलंय?"

शिक्षकाकडे उत्तर नसलं की तो फळा पुसायला लागतो, तसं मी पर्समधून पुस्तक काढून उगाच त्याचं कव्हर पुसायला लागले. तिने ते माझ्या हातातून घेतलं, उघडलं आणि तिचे डोळे बारीक झाले. खुणेसाठी दुमडलेला कोपरा बराच पुढे सरकला होता.

"तू पुढे वाचलंस."

"वाचलं."

"सुई नसताना?"

"ओट्याशी उभ्याने वाचलं. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, तुझे काका अजून बोलतायत. आवडलं मला, काय करू?"

तिला हसायचं नव्हतं, पण ओठाचा एक कोपरा हललाच. "बावळट पुस्तक आहे म्हणालेली ना तू?"

"बावळट तो पोरगा आहे," मी म्हणाले, आणि मला खरोखरच राग आला, त्याचा, हिचा, सगळ्यांचाच. "ती बिचारी तळघरात उतरते. मनगट पुढे करते. तिला कुणी बळजबरी केलेली नाही, स्वतःच्या मनाने आलीय. आणि हा डोळे मिटून मोठेपणाच्या गोष्टी सांगतोय. लाज कसली त्यात? दार वाजवणाऱ्याला बाहेर उभं ठेवायचं, याला लाज म्हणत नाहीत. मी असते तर कानाखाली वाजवली असती."

सिस्टर पिशवीवर हात ठेवून तशाच उभ्या होत्या. बाहेर ताई खोकली. भिंगरी पिशवीकडे बघत होती.

"मग?" तिने विचारलं. "पितो तो?"

"माहीत नाही."

"खोटं नको बोलूस. शेवट वाचला असशील."

"बघ ना कोपरा. तिने मनगट पुढे केलंय तिथेच मिटलं मी पुस्तक." मी दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पुढे त्याने नाही म्हटलं तर? ते मला तुझ्याशिवाय वाचवेना गं."

घड्याळाचा काटा मी बघायचा नाही असं ठरवलं होतं, तरी बघितला. मग तिने बाही वर सरकवली आणि हात फळीवर ठेवला.

सिस्टरनी एका दमात शीर पकडली. नळीतून लाल रेघ खाली उतरली आणि त्या दोन पावलं मागे सरकून स्टूलवर बसल्या. त्यांचं काम संपलं होतं, पण त्यांनाही ऐकायचं होतं.

मी तिच्याकडून पुस्तक घेतलं, चष्मा पुसला, पान उघडलं आणि वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी मला नीट दिसल्याच नाहीत.

"मावशी," भिंगरी डोळे मिटून म्हणाली, "हळू वाच. आज संपवू नकोस. थोडं पुढच्या खेपेला ठेव."