कोमाद्रेचं दूध आणि निकानोरचं डुक्कर

पुकालोमा गावच्या चीजघरात सकाळी दुधाची पहिली किटली यायची ती एर्मेलिंदाबाईंची, आणि चीज करणारा निकानोर ती दोन्ही हातांनी घ्यायचा. घ्यावीच लागे. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्मेलिंदाने धर्ममाता म्हणून हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. हे नातं सख्ख्या बहीणभावापेक्षा अवघड. बहिणीशी भांडता तरी येतं. कोमाद्रेच्या घरून आलेल्या वस्तूला नावं ठेवली, की नातवंडांपर्यंत अबोला.

"कोंपाद्रे, साय बघ कशी धरलीय," ती म्हणायची.

"सोनं आहे, कोमाद्रे," निकानोर म्हणायचा.

सोनं कसलं, पू होता तो. महिन्यापूर्वी गाळायच्या फडक्यावर त्याला गुठळ्या दिसल्या. वाटीभर दुधात तपासणीचं जांभळं औषध घालून ढवळलं, तर त्याचा चक्क शेंबूड झाला. एर्मेलिंदाच्या मारकेसा गायीला दगडी झाली होती. कासेत जंतूंनी बिऱ्हाड थाटलं होतं. ते दूध मोठ्या हौदात पडलं असतं तर सगळ्या गावाचं चीज नासलं असतं आणि खाणाऱ्यांची पोटंही. एर्मेलिंदाला यातलं काही दिसत नव्हतं, कारण चष्म्याशिवाय तिला गायसुद्धा धड दिसत नसे, आणि चष्मा म्हाताऱ्या बायका लावतात असं तिचं सत्तरीतही ठाम मत होतं. दूध ती स्वतः तोंडाला लावत नसे. तिला कॉफी काळीच लागायची.

तोंड उघडून सांगायचं सोडून या शहाण्याने काय करावं? कोमाद्रेची पाठ वळली, की तो तिचं दूध वेगळ्या पातेल्यात ओतायचा, उकळायचा आणि आपल्या डुकराला घालायचा.

"डुकराला उकळून दूध," त्याची बायको डेल्फिना म्हणाली. "मला मेलीला कधी पाणी तरी तापवून दिलंस का?"

"हळू बोल. कोमाद्रे ऐकेल."

"ऐकू दे. सांगून टाक एकदाचं. खाणार आहे का ती तुला?"

"नवरा गेल्यापासून त्या गायीशिवाय तिला आहे कोण? त्या गायीलाच नावं ठेवू?"

डेल्फिनाने कपाळावर हात मारला आणि बटाटे सोलायला घेतले.

इकडे डुक्कर असं माजलं की लोक मुद्दाम बघायला यायला लागले. खुद्द एर्मेलिंदाही आली आणि तिने त्याची पाठ चाचपून पाहिली.

"काय खायला घालतोस रे याला?"

"प्रेम, कोमाद्रे."

डेल्फिनाला तेवढ्यात जोराचा खोकला आला.

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाला गाई सजून चर्चपुढे उभ्या राहिल्या. नवे फादर बेलिसारियो काडीसारखे बारीक आणि भलतेच भिडस्त. त्यांनी सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मग एर्मेलिंदा पेला घेऊन पुढे झाली. पाहुण्याला गावातल्या मानाच्या गायीच्या शेवटच्या धारांचं धारोष्ण दूध द्यायचं, त्यात उसाची कडक दारू, आणि पाहुण्याने ते एका दमात संपवायचं, हा तिथला रिवाज.

"माझ्या मारकेसाचं," ती म्हणाली. "या महिन्यात चीजला जी चव आलीय ना, ती हिचीच कृपा."

निकानोरच्या तोंडचं पाणी पळालं. "फादरना दूध पचत नसेल, कोमाद्रे."

"मला सगळं पचतं," फादर नम्रपणे म्हणाले.

"दारूने जंतू मरतील ना?" निकानोरने डेल्फिनाच्या कानात विचारलं.

"जंतू झिंगतील. मरतील ते फादर."

पेला ओठांना लागणार, तोच निकानोरने पुढे होऊन त्यावर आपला पंजा ठेवला.

"थांबा, फादर. हे दूध डुकराचं आहे."

बँड वाजायचा थांबला.

"नाही हो, गायीचंच आहे," फादर समजावणीच्या सुरात म्हणाले. "आत्ता माझ्यासमोर काढलं."

मग निकानोरला सगळंच सांगावं लागलं, गुठळ्या, शेंबूड, पातेलं, डुक्कर, सगळं. गाव ऐकत होतं. कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"महिनाभर?" एर्मेलिंदाने विचारलं.

"हो, कोमाद्रे. तुमचं मन दुखावेल म्हणून..."

"माझ्या मनाचं सोडा, निकानोर साहेब."

साहेब! आजवर तिने त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. एर्मेलिंदा गायीपाशी वाकली आणि तिने एकेक सड हातात धरून पाहिला. डावीकडच्या पुढच्या सडाला हात लागताच मारकेसाने पाय झाडला.

"हा सड कडक लागायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझीच बोटं आखडलीत. तुम्हाला ठाऊक होतं. माझा मान राखलात साहेब, आणि हिला महिनाभर ठणकत ठेवलंत."

आता मात्र निकानोरला खरोखर लाज वाटली. कोमाद्रेची भीती बाळगताना गायीचा विचार त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. "चुकलो," तो म्हणाला. "खालच्या गावातून गुरांच्या डॉक्टरला मी आत्ता घेऊन येतो."

"आणा. इतक्या लांबून येणारा माणूस उपाशी जाता कामा नये. ते डुक्कर कापा."

"डुक्कर?"

"अर्धं माझं, माझ्या दुधावर पोसलंय. उरलेलं डॉक्टरला, फादरना आणि गावाला."

"आणि आम्हाला काय?" डेल्फिनाने विचारलं.

एर्मेलिंदाने डोळे बारीक केले आणि निकानोरच्या शेजारच्या खांबाकडे रागाने रोखून पाहिलं.

"तुला शेपूट, कोंपाद्रे."

निकानोर घोड्याकडे अक्षरशः पळत सुटला.