जेलाचा गुरुवार

कोराना नदीकाठच्या त्या वाडीत घरं सात आणि पाणचक्की एकच, म्हणून आठवड्याचा एकेक वार एकेका घराचा. गुरुवार जेलाच्या घरचा. तिचा नवरा पावे गेल्या ऑक्टोबरात वारला, तेव्हापासून मात्र तिनं चक्कीत दाणा टाकला नव्हता. तिचं माहेर डोंगरापलीकडचं. तिकडे दुखवट्याच्या घरी दुसरा नाताळ होईपर्यंत दळण बंद ठेवतात, आणि ते शास्त्र जेलानं इथे कुणालाही न विचारता पाळलं.

गुरुवार म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. सरोवरांचं राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून पाण्यात नवी खुंटी ठोकायची सोय राहिली नव्हती. शेवाळावर चुना साचून झालेल्या बांधांना बोट लावलं तरी पहारेकरी धावत येतो. जुनी चक्की तेवढी टिकली. म्युनिकच्या हॉटेलात राबणारी जेलाची लेक रूझा वसंतात कायमची परत येणार होती, ती या गुरुवारच्याच भरवशावर. घरच्या चक्कीचं मक्याचं पीठ, त्याच्या भाकऱ्या आणि समोरच्या फळ्यांच्या वाटेवरून रोज जाणारे पर्यटक, असा तिचा बेत. लेक घरी येणार, याच्यावर जेला दिवस काढत होती.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती कोळिष्टकं झाडायला चक्कीत गेली, तर कोळिष्टकं नव्हतीच. दगडांच्या फटीत ताजं पिवळं पीठ होतं. वरच्या दगडाला हात लावला, तर तो कोमट. जेलाच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती काही गप्प बसेना.

आधी तिला पहारेकऱ्याचा संशय आला, मग खालच्या घरच्या लुत्साचा, कारण लुत्सा हल्ली फारच गोड बोलायची. शेवटी संशय शेजारच्या योसोच्या दारात जाऊन बसला. गवताच्या एका पट्ट्यावरून योसो आणि पावे सहा वर्षं बोलत नव्हते. असला माणूस पावेच्या मातीला येऊन रडतो काय, आणि आता रविवारी चर्चबाहेर टोपी काढून तिची वाट बघत उभा राहतो काय!

"वहिनी, तुमच्या गुरुवारचं जरा बोलायचं होतं," योसो म्हणाला.

"गुरुवार विकायचा नाही मला."

"विकायचं कोण म्हणतंय? ऐकून तरी घ्या."

"तुम्ही आपला बुधवार सांभाळा."

पुढच्या गुरुवारी ती फळ्यांच्या वाटेवर पर्यटकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. बीचच्या झाडांची पानं तांबूस व्हायला लागली होती. लोक वाकून वाकून पाण्यातले ट्राउट मासे बघत होते आणि जेला चक्कीच्या दाराकडे बघत होती. दहाच्या सुमाराला दार उघडलं. योसो पाठीवर पोतं घेऊन बाहेर आला आणि चोरासारखा इकडेतिकडे बघून झपाझप निघून गेला. जेलाला आनंदच झाला, खोटं कशाला बोला.

नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी सातही घरं म्हाताऱ्या तोमेकाकांकडे जमतात. उकडलेले बटाटे, चीज, आलुबुखाराची दारू, आणि त्याबरोबर चक्कीच्या वर्षभराच्या तक्रारी.

"आहे का कुणाची काही?" तोमेकाकांनी विचारलं.

जेला उठली. "माझ्या गुरुवारी योसो दळतोय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"अगं, आम्हाला वाटलं तूच दळतेस," लुत्सा म्हणाली. "वर्षभर दर गुरुवारी चक्की ऐकू येते."

जेलाचं घर धबधब्याला लागून. तिला पाण्याशिवाय काही ऐकू येत नसे.

तोमेकाकांनी पेला खाली ठेवला. "जेला, तू शेवटचं दळलंस कधी?"

योसो घाईनं मध्ये पडला. "काका, दळलं मी, पण वहिनींच्याच सांगण्यावरून. मकाही त्यांचाच. दुखवट्यात बाहेर पडवत नाही म्हणाल्या." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "हो ना वहिनी? सांगा की."

चोर तो चोर, वर तिलाच साक्षीला उभी करतोय! जेलाचं डोकं फिरलं. "साफ खोटं. याला मी एक दाणा दिलेला नाही. पावे गेल्यापासून आमच्या घरचं दळण बंद आहे."

योसोनं डोळे मिटून घेतले.

"पोरी," तोमेकाका हळूच म्हणाले, "मार्टिन ते मार्टिन ज्या घरचं दळण झालं नाही, त्याचा वार जातो. शेजारच्या घराला जातो. पावेनं कधी सांगितलं नाही तुला?"

पावेच्या हयातीत तशी वेळच आली नव्हती. जेलानं योसोकडे पाहिलं. वर्षभर चक्कीचा आवाज येत राहावा, कुणी काही विचारू नये, एवढ्यासाठी हा माणूस दर गुरुवारी तिथे जात होता, हे तिला आत्ता कळलं.

"मला नको तो गुरुवार," योसो म्हणाला.

"आता तुझ्या-माझ्या हातात नाही. सगळ्यांनी ऐकलंय," तोमेकाका म्हणाले.

अंगणात योसोनं तिला गाठलं. "पावेशी बोलायचं राहूनच गेलं, वहिनी. म्हटलं, निदान एवढं तरी करावं." तो थांबला. "रूझा आली की पाठवा तिला. गुरुवारी माझ्या नावावर दळू दे."

आणि एवढं सगळं होऊनसुद्धा जेलाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की याला या बदल्यात काय हवं असेल? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला योसोकडे मान वर करून बघवेना.